आमसुलातल्या पुंगळ्या

काडतूस घरी भरलं तर परवडतं का, हे मला विचारू नका. पण विचारतात सगळे मलाच! बंदरावरच्या चहावाल्याकडे कुणी नवा बलुची येतो, खांद्यावर बापाच्या वेळची रायफल, आणि चहावाला माझ्याकडे बोट करून सांगतो, "वो अन्वर काना बैठा है ना, उससे पूछ. उसने बहुत भरे हैं." काना म्हणे! त्याच्या जिभेला काटा टोचो. मग मीही वैतागून सांगतो, हो रे बाबा, परवडतं. नवं काडतूस पाच रुपयांना पडायचं, भरलेलं दीडला. वाचलेल्या पैशांत माझा उजवा डोळा गेला आणि माझ्या बहिणीचा संसार गेला. आता तूच ठरव, हबीबी. बलुची हसतो. त्याला वाटतं मी थट्टा करतोय.

मी हर्णैचा. इथे अरबांच्या मुलखात, खोर फक्कानला आलो तो माझ्या मोठ्या बहिणीमुळे. तिचं नाव खैरुन्निसा, मी तिला आपा म्हणतो. तिचा नवरा याकूब, म्हणजे माझा दुल्हाभाई, गलबतावर खलाशी होता. एका फेरीत इथेच उतरला आणि सूकमध्ये, म्हणजे इथल्या बाजारात, दुकान टाकून बसला. दोरखंड, घासलेट, तांदूळ, सुकी मासळी, मिळेल ते विकायचा. माणूस दिसायला देखणा, बोलायला गोड, आणि आतून असा की मुंगीच्या तोंडातली साखर काढून घेईल.

आपाला मूल नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. हर्णैहून गलबत आलं की तांडेल दुकानात बसून मरियमबीचा, म्हणजे दुल्हाभाईच्या आईचा, निरोप चारचौघांत सांगायचा, "मुलगी बघून ठेवली आहे. हिला पाठव, तिला घेऊन जा." आणि दुल्हाभाई तोच निरोप घरी जेवताना पुन्हा सांगायचा, आपा वाढत असताना, बाजारातला मासळीचा भाव सांगावा तसा. आपाचा हात थांबायचा नाही. ती एवढंच विचारायची, "भात घालू अजून?"

तिला दुसरं काही नको होतं. दागिने नको, कपडे नको. त्या घरात राहायचं होतं, बस. माहेर उरलं नव्हतं. आई-बाप कबरीत, घर काकाने गिळलेलं. नवऱ्याने सोडलं असतं तर ती गेली कुठे असती? हे तिला माहीत, मला माहीत, आणि दुल्हाभाईला तर आम्हा दोघांपेक्षा जास्त माहीत. त्याने अट घातली होती, "तुझा भाऊ माझ्या दुकानात राबेल तोवर आईला थोपवतो." पगार नाही. दोन वेळचं जेवण आणि झोपायला तांदळाची पोती. मी आलो. बहीण आहे, काय करणार!

आता काडतुसांचं सांगतो. आमच्या भागात खल्फान नावाचा एक बडा माणूस. खजुराच्या बागा, दोन लाँच, पंचक्रोशीत दरारा. सगळे त्याला अरबाब म्हणायचे, म्हणजे मालक. बाकीच्यांकडे जुन्या फौजी बंदुका, त्यांची काडतुसं सूकमध्ये मुठीने मिळायची. पण अरबाबची रायफल विलायती, शिकारीची, नक्षीदार दस्त्याची. तिची काडतुसं विलायतेहून बहरीनला, बहरीनहून दुबईला आणि तिथून डोंगर ओलांडून इथे. आणि अरबाबचा हात सैल. लग्न झालं की झाड गोळी, मुलगा झाला की झाड, डोंगरात बकरा दिसला की झाड. मग पेटी रिकामी झाली की डोकं धरून बसायचा.

दुल्हाभाईने हे बरोबर हेरलं. अरबाबच्या मजलिसमध्ये जाऊन कॉफीचा पेला हातात धरून म्हणाला, "अरबाब, तुम्ही गोळी झाडता तेव्हा जळतं काय? चिमूटभर दारू. जातं काय? बोटाच्या पेराएवढं शिसं. पुंगळी तर इथेच वाळूत पडते, आणि पैसे त्या पितळेचेच जास्त! ती फेकायची म्हणजे एकदा चहा प्यायला की पेला फोडून टाकायचा." अरबाब हसला. म्हणाला, "यल्ला, कर."

शारजाच्या छावणीतल्या एका गोऱ्याने मायदेशी जाताना भरायचं यंत्र विकलं, ते दुल्हाभाईने आणलं. लोखंडी दांडीचं, उसाच्या चरकाचं पोर म्हणावं असं. काम सगळं माझ्या गळ्यात. वापरलेल्या पुंगळीच्या बुडातली, दारू पेटवणारी जळकी टोपी टोचून काढायची. पुंगळी फुगलेली असते, ती दाबून मापात आणायची. नवी टोपी बसवायची, सोनाराच्या काट्यावर दारू तोलून ओतायची, वर गोळी दाबायची. काम नाजूक. शिंक आली तरी तोंड फिरवून द्यायची. पण मला ते जमलं, आवडलंही, खोटं कशाला बोलू?

इथला एक रिवाज आहे. भरलेल्या काडतुसांची पहिली गोळी भरणाऱ्यानेच झाडायची, मालकासमोर. विश्वासाचा पुरावा. दुकान दुल्हाभाईचं, नफा दुल्हाभाईचा, पण भरणारा मी. तेव्हा दर खेपेला गाल दस्त्याला टेकवून पहिला बार मी काढायचो, आणि दुल्हाभाई मागे उभा राहून "माशाल्ला!" म्हणायचा. बऱ्याच लांब मागे उभा राहायचा.

एकच अडचण होती. इकडच्या माणसाला कमरेच्या पट्ट्यात काडतुसं मिरवायची असतात. नवऱ्या मुलाच्या अंगावर सोनं नसेल, पण पट्ट्यातलं पितळ झळकलं पाहिजे. आणि आमच्या पुंगळ्या खाऱ्या वाळूतून वेचलेल्या. काळ्या, हिरव्या, शेवाळलेल्या. पहिली खेप बघून अरबाबने नाक मुरडलं. "हे काय, बकरीच्या लेंड्या बांधू कमरेला?"

दुल्हाभाई घरी आला तो आपावरच खेकसला, जणू तिनेच त्या काळ्या केल्या. हर्णैच्या गलबतातून आलेली आमसुलं फडताळात होती, त्यातली मूठभर तिने पाण्यात कोळली. आपल्याकडे पितळेची भांडी कशी घासतात? तशीच. पुंगळ्या थोडा वेळ त्यात ठेवल्या, राखेने चोळल्या, धुतल्या आणि उन्हात मांडल्या. अरे, काय लखलखल्या! अंगणात बघवेना. शेजारच्या बायका कुंपणावरून माना काढून बघायला लागल्या.

अरबाबने ओंजळीत घेतल्या आणि म्हणाला, "हे सोनं कुणी केलं?" दुल्हाभाई घरी येऊन उंबऱ्यातूनच म्हणाला, "खैरुन्निसा, अरबाब खूश आहे." एवढंच. पण तिचं नाव घेऊन काही चांगलं त्याने त्या घरात पहिल्यांदा म्हटलं होतं. आपाचा चेहरा मी बघितला. एवढ्यावर भागतं या बाईचं, असं वाटून दुल्हाभाईचा गळा धरावासा वाटला. मी गेलो आणि दारूचा डबा उघडला.

त्यानंतर आपा आमसुलं एकेक मोजून जपायला लागली. कालवणात कमी, पुंगळ्यांना जास्त. कालवण सपक लागलं तरी दुल्हाभाई गप्प. तांडेल मरियमबीचा निरोप घेऊन आला, तर दुल्हाभाई म्हणाला, "बघू." बघू! आपा त्या एका शब्दावर दोन महिने तरंगत होती.

मग त्रेसष्टची बकरीद आली. कलबा-फुजैराकडून अरबाबचे पाहुणे यायचे होते. ईदच्या दिवशी डोंगराच्या पायथ्याशी नेमबाजी, लांबवर पांढरा दगड ठेवून. अरबाबने माणसं लावून जुन्या-पान्या सगळ्या पुंगळ्या गोळा करवल्या. कुठली किती वेळा भरलेली, कुणाला ठाऊक? काही तर कोळशासारख्या होत्या. दुल्हाभाईने ते पोतं आपाच्या पायाशी आपटलं आणि म्हणाला, "ह्या नव्या दिसल्या पाहिजेत. पाहुण्यांपुढे माझी शोभा झाली ना, तर पुढच्या गलबताने तू तिकडे आणि दुसरी इकडे. घरात जागा एकीचीच आहे."

असं बोलून तो हात धुवायला गेला. आपाने त्याच्या हातावर पाणी घातलं.

पुंगळ्या काही केल्या निघेनात. थोडा वेळ ठेवून बघितल्या, काळ्याच. आपाने आमसुलं वाढवली, सगळीच्या सगळी ओतली, आणि भांडं झाकून ठेवलं. एक दिवस, दोन दिवस, ईद येईपर्यंत. मी म्हणालो, "आपा, आई पितळ आमसुलात रात्रभर ठेवू देत नव्हती. पितळ सडतं म्हणायची."

"ते भांड्यांना आतून कल्हई असायची म्हणून. ती निघते," आपा म्हणाली. "ह्यांना कुठे कल्हई आहे?"

तिने झाकण काढलं तेव्हा पुंगळ्या पिवळ्या नव्हत्या, लाल होत्या, तांब्यासारख्या. मी एक उचलून दुल्हाभाईला दाखवायला नेली. "रंग बघा. हे मला बरं दिसत नाही. थोडी नवी काडतुसं मागवू या, ईदपुरती."

"नवी?" तो केवढ्याने हसला! "मग तुला कशाला पोसतोय? रंग लाल आहे तर राख लावा, पिवळा होईल. बहिणीला सांग, हात दुखत असतील तर हर्णैला जावं, तिथे दाबून द्यायला बायका आहेत."

आपाने राख लावली. बोटांची सालं निघेपर्यंत चोळलं. लाल रंग गेला, आणि वर असं पिवळंधमक पितळ आलं की दुकानातली नवी पेटी शेजारी ठेवली असती तर तीच जुनी वाटली असती. "बघ," ती म्हणाली. तिच्या बोटांतून रक्त येत होतं आणि ती हसत होती. मी भरायला बसलो. प्रत्येक काडतुसाची दारू दोनदा तोलली. हे लक्षात ठेवा, दोनदा तोलली.

ईदची नमाज झाली, कुर्बानी झाली, आणि सगळे डोंगरापाशी जमले. अरबाब नव्या पट्ट्यात झळकत होता. पाहुणे वाकून वाकून पुंगळ्या बघत होते. एकाने विचारलं, "विलायतेहून आल्या?" दुल्हाभाई छाती काढून म्हणाला, "नाही, माझ्या दुकानातून!" मग अरबाबने रायफल माझ्या हातात दिली. रिवाज. मी गुडघा टेकला, गाल लावला, पांढरा दगड डोळ्यात घेतला. उजव्या डोळ्याने बघितलेली शेवटची गोष्ट तो दगड. धड गोल पण नव्हता मेला.

बार पुढे गेला नाही, मागे आला. बोल्टच्या फटीतून आग आली आणि ती सरळ माझ्या डोळ्यात. किंचाळलो की नाही आठवत नाही. लोक म्हणतात किंचाळलो, आणि पाहुण्यांतला एक हसला, त्याला वाटलं मी धक्क्याने पडलो. तोंडावर हात लावला तर ओलं लागलं. डाव्या डोळ्याने बघितलं, दुल्हाभाई धावत येत होता.

तो माझ्याकडे नाही आला. रायफलकडे गेला. बोल्ट ठोकून ठोकून उघडला आणि पुंगळी बाहेर काढली. बुडाजवळ ती उभी फाटली होती, आणि फाटलेली कड आतून लाल, तांब्यासारखी लाल. ती त्याने बघितली, मी बघितली. दोघांनाही कळलं. वरून पिवळं आणि आतून सडलेलं.

अरबाबचा आवाज चढला. "कुणी केलं हे? पाहुण्यांपुढे? ही माझ्या हातात असती तर?"

दुल्हाभाईच्या कपाळावर घाम. त्याने तोंड उघडलं. "अरबाब, माझी बायको... तिने ह्या पुंगळ्या..."

पुढचं वाक्य मला आधीच ऐकू आलं. आपा मला त्या गलबतात बसलेली दिसली, हातात बोचकं घेऊन. मी वाळूत पडल्या पडल्या ओरडलो, "माझी चूक! दारू दोनदा पडली! मी भरताना बोलत होतो, दुप्पट पडली! माझी चूक!"

दुल्हाभाईने माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ना, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तो सुटला होता. बायकोच्या आमसुलाने पितळ खाल्लं असं कळलं असतं तर त्याच्याकडून पुन्हा कुणी काडतूस घेतलं असतं? पण पोराने दारू जास्त ओतली, तर दोष पोराचा. त्याने लगेच माझ्या कमरेत लाथ घातली. "हरामखोर! तुला किती वेळा सांगितलं, लक्ष दे!" आणि पाहुण्यांकडे वळून हात जोडले. अरबाब म्हणाला, "चूक माणसाची आहे, कामाची नाही. खलास. याला दवाखान्यात न्या."

अरबाबने आपली लँडरोव्हर दिली. दवाखाना दुबईला, कोरड्या नदीच्या दगडगोट्यांतून दिवसभराची वाट. ड्रायव्हर गाडी चालू करून बसला होता. मी मागच्या बाजूला आडवा, तोंडावर कुणाचा तरी रुमाल. पण गाडी हलेना. का? दुल्हाभाई अरबाबच्या पट्ट्यातली काडतुसं परत काढून घेत होता, प्रत्येक पाहुण्याला वाटलेली मागून आणत होता, एक वाळूत पडलं ते शोधत होता. एक जरी मागे राहिलं आणि कुणी आत बघितलं तर? मी ओरडत होतो. ड्रायव्हर म्हणाला, "भाई, लड़का मर जाएगा." दुल्हाभाई म्हणाला, "डोळ्याने कुणी मरत नाही."

सगळी काडतुसं सापडल्यावर तो गाडीत बसला, आणि वाटेत घरापाशी "आलोच" म्हणून उतरला, पोतं ठेवायला. आपा दारात होती. मला तिचं रडणं ऐकू आलं, माझं नाव ऐकू आलं. मग काहीच नाही. मग गाडी निघाली.

डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, आत पितळेचा कण आहे, डोळा काढावा लागेल, नाहीतर दुसराही जाईल. लवकर आला असतास तर काही बघता आलं असतं. मी म्हणालो, काढा. तिथे पडल्या पडल्या माझ्या मनात एकच होतं, आपा घरात आहे ना? मग ठीक. एका डोळ्याने पण माणूस जेवतो, झोपतो, नमाज पढतो. सौदा वाईट नाही, असं मी स्वतःला समजावत होतो. हसा, हसा!

पट्टी सुटून परत आलो तर आपा दुकानामागच्या खजुराच्या झावळ्यांच्या झोपडीत बसली होती, बोचकं घेऊन. मला बघून उठली नाही.

"तलाक दिला," म्हणाली. "तुझ्यामुळे."

दुल्हाभाईने सूकमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं, असल्या साल्याची बहीण घरात ठेवून मी काय करू? त्याने माझं नाव बुडवलं, मला अरबाबपुढे मान खाली घालायला लावली. लोकांनाही पटलं. माझ्याच तोंडाने मी कबूल केलं होतं ना! मरियमबीची पसंत केलेली सायरा पुढच्या गलबताने आली. आपाला परतीच्या गलबताची जागा देऊ केली होती, तिने नको म्हटलं. हर्णैला कुणाच्या दारात उभी राहणार होती? वर्षाच्या आत सायराला मुलगा झाला. दुकान जोरात चाललं. काडतुसं अजून भरतो तो, एक मलबारी ठेवला आहे. पुंगळ्या आता सोड्याच्या पाण्याने धुतात.

मी मासळी वाळवायच्या जागेवर राखण करायला लागलो. काना राखणदार, मांजरंसुद्धा उजव्या बाजूने येऊन मासा पळवायची. आपा माझ्याकडेच राहिली. आणि तिची जीभ! जी बाई नवऱ्यापुढे "भात घालू?" एवढंच बोलायची, तिला माझ्यापुढे वाचा फुटली. सकाळी उठल्यापासून, "दारू तोलता येत नव्हती तर भरायला कशाला बसलास?" पाणी मागितलं तर, "बेतानेच पी, दुप्पट ओतशील." शेजारची कुबरा आली की तिच्यासमोर, "ह्याने हात धुतले नाहीत, माझा संसार धुतला." जेवायला बसलो की ताट माझ्या उजव्या हाताला, आंधळ्या बाजूला सरकवून ठेवायची. मान पूर्ण फिरवल्याशिवाय दिसायचं नाही. मला वाटायचं, तिच्या ध्यानात राहत नसेल.

मी ऐकून घ्यायचो. मनात म्हणायचो, बोलू दे. खरं कळलं तर ही विहिरीत उडी घेईल. आपल्या हातांनी भावाचा डोळा काढला हे कळून कुठली बहीण जगेल? तेवढं तरी मी वाचवलं आहे. पाच वर्षं हा विचार मी उशाला घेऊन झोपलो. त्याच्यावरच माझी छाती फुगायची, खोटं कशाला बोलू?

परवा हर्णैचं गलबत लागलं. तांडेल जुना ओळखीचा, त्याने मला कागदाच्या पुडीत आमसुलं दिली. वास घेतला आणि तोंडाला पाणी सुटलं. आमच्याकडे इतकी वर्षं कालवणात सुकं लिंबूच. आपा आमसूल घेतच नसे. गलबतं येत होती, बायका घेत होत्या, ही नाही. मला वाटायचं, नवऱ्याच्या घरची आठवण नको असेल. दुपारी पुडी तिच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "आपा, बांगडे आहेत. आज आंबट कालवण कर ना, आईसारखं."

तिने पुडी बघितली आणि उचलून अंगणात भिरकावली. आमसुलं वाळूत पडली.

"आपा! येड लागलं का तुला?"

"माझ्या घरात हे आणायचं नाही."

"तुझं घर?" माझं डोकं फिरलं. मी पाच वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवला. "कुठलं घर तुझं? हे माझ्या पगारावर चालतं!"

"माझं घर तू जाळलंस!" ती पण उसळली. "दुप्पट दारू ओतून! आंधळा होतास तेव्हाच तू, दोन डोळे असताना!"

बस. त्या वाक्याने माझा बांध फुटला. अंगणातलं एक आमसूल उचलून मी तिच्या तोंडासमोर धरलं. "दारू बरोबर होती! ऐकलंस? दोनदा तोललेली! हे बघ, ह्याने खाल्लं पितळ. तुझ्या आमसुलाने! तू ठेवलंस ते सडवून, आणि वर राख चोळलीस. माझा डोळा तू काढलास, तू! आणि तुला घराबाहेर काढू नये म्हणून मी वाळूत पडून खोटं बोललो!"

बोललो. वाटलं, आता ही कोसळेल. मी तिला धरायला हातही पुढे केला.

आपा बांगडे साफ करत बसली होती. तिने सुरी थांबवली नाही. एका बांगड्याचं पोट फाडलं, घाण काढली, धुतला आणि ताटलीत ठेवला.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"सगळं. ईदच्याच दिवशी. तू गाडीत ओरडत होतास तेव्हा त्यांनी ती फाटकी पुंगळी माझ्या हातात ठेवली. म्हणाले, बघ, हे तुझं काम. तुझ्या भावाने आपल्या डोक्यावर घेतलंय, तू तोंड उघडू नकोस, धंदा बुडेल. तोंड मिटलंस तर ठेवीन म्हणाले." तिने दुसरा बांगडा घेतला. "मिटलं. नाही ठेवलं."

मी म्हणालो, "आणि ही पाच वर्षं मला रोज..."

"तूच म्हणालास ना, माझी चूक? चारचौघांत म्हणालास. मग ती तुझीच." तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, धडधडीत, माझ्या चांगल्या डोळ्यात. "तुला 'हिच्यासाठी केलं' असं मिरवायचं असेल. मला जगायचं होतं. रोज सकाळी तुझा तो खड्डा बघून उठायचं, आणि म्हणायचं हे मी केलं? नाही जमत. तू केलंस असं म्हटलं की जमतं. डोळे तुला दोन होते, अन्वर. संसार मला एकच होता."

आणि तिने कालवण चुलीवर चढवलं. सुक्या लिंबाचं.

मी अंगणात गेलो. आमसुलं वाळूतून वेचली, झटकली आणि खिशात घातली. कुठे जाणार होतो? तिलाही जागा नाही, मलाही नाही. पुन्हा येऊन चटईवर बसलो. काही वेळाने तिने माझं ताट आणलं आणि नेहमीसारखं माझ्या उजव्या हाताला, लांब सरकवून ठेवलं. मी मान फिरवली आणि जेवलो. भूक लागली होती.